लोहक्रूसाची कसोटी

आमच्या आत्याच्या घरी, अल्तारखालच्या खणात, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. पिवळे पडलेले फोटो, रोझरीचे तुटलेले मणी, कोणाकोणाच्या जुन्या पत्रांच्या घड्या अशा पसाऱ्यात त्या डब्यात एक काळा क्रूस ठेवलेला असे. चारही भुजा टोकांकडे रुंद होत गेलेल्या, कडेने पांढऱ्या धातूची चौकट, वर एक कडी आणि कडीतून ओवलेली काळी-पांढरी फीत. मध्यभागी ‘डब्ल्यू’ हे अक्षर, वरच्या भुजेवर मुकुट आणि खालच्या भुजेवर १९१४ हा सन.

या क्रूसाची कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. थोरले काका दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळाच्या तुकडीबरोबर इटलीत होते. तेथे एका जखमी जर्मन अधिकाऱ्याची त्यांनी अखेरच्या क्षणापर्यंत शुश्रूषा केली आणि मरताना त्या अधिकाऱ्याने आपल्या छातीवरचा हा क्रूस काढून काकांच्या हाती ठेवला, अशी ती कथा. सांगताना आत्याचा आवाज जड होई. ही कथा खुद्द काकांच्या तोंडून मात्र आम्ही कधी ऐकली नव्हती, हे फार उशिरा आमच्या ध्यानात आले.

गेल्या वर्षी आत्याच्या नातवाने डबा उघडून विचारले, “हा खरा आहे का? असल्या वस्तूंना म्हणे बाहेर चांगली किंमत येते.” विकण्याचा प्रश्न आत्याने तेथल्या तेथे मिटवला. पहिला प्रश्न मात्र आमच्या मनात राहिला, आणि त्याच्या मागे जाता जाता आम्ही बरेच दूर गेलो.

या पदकाला जर्मन भाषेत ‘आयझर्नेस क्रॉइत्स’, म्हणजे लोहक्रूस म्हणतात. त्याचा जन्म पराभवाच्या आणि दारिद्र्याच्या काळातला आहे. नेपोलियनने प्रशियाचे राज्य १८०६ साली धुळीस मिळवले होते. सात वर्षांनी राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम पुन्हा शस्त्र उचलायला सिद्ध झाला, तेव्हा त्याने ब्रेस्लाऊ येथे (हे शहर आज पोलंडमध्ये असून व्रोत्स्वाफ नावाने ओळखले जाते) हे पदक स्थापन केले. स्थापनेचा दिवस म्हणून १० मार्च १८१३ ही तारीख घातली, कारण तो त्याच्या दिवंगत राणीचा, लुईझेचा, जन्मदिवस होता. आराखड्याला अंतिम रूप कार्ल फ्रेडरिक शिंकेल या विख्यात वास्तुशिल्पकाराने दिले. आकारामागे ट्यूटॉनिक संघाचा काळा क्रूस होता. हा संघ ११९० साली आक्रे येथे, क्रूसयुद्धाच्या धामधुमीत, आजारी यात्रेकरूंच्या सेवेसाठी निघाला. पुढे तो लढवय्या झाला आणि आज पुन्हा एक साधा धर्मसंघ म्हणून नांदतो आहे. इस्पितळातून निघालेले चिन्ह रणांगणावर गेले आणि आत्याच्या कथेत ते पुन्हा इस्पितळात आले, असा विचार त्या वेळी आमच्या मनात चमकून गेला होता. असो.

लोखंडच का, याला कारण होते. तिजोरी रिकामी होती. युद्धासाठी स्त्रियांनी सोन्याचे दागिने दिले आणि बदल्यात लोखंडी दागिने घातले. सोन्याऐवजी लोखंड मिरवणे हीच त्या काळी प्रतिष्ठा ठरली. शिवाय हे पदक सरदारापासून साध्या शिपायापर्यंत कोणालाही मिळू शकत होते. जन्माने मिळणाऱ्या बिरुदांच्या त्या युगात ही गोष्ट लहान नव्हती. पदक कायमचे नव्हते. त्या युद्धापुरतेच ते होते आणि पुढे प्रत्येक मोठ्या युद्धाच्या वेळी ते नव्याने जाहीर करावे लागले: १९ जुलै १८७०, ५ ऑगस्ट १९१४ आणि १ सप्टेंबर १९३९. म्हणून क्रूसावर सन असतो. तो सन पराक्रमाचा नव्हे, तर त्या त्या जाहीरनाम्याचा. १९१८ साली मिळालेल्या क्रूसावरही १९१४ हाच आकडा असे, आणि १९१४ चा क्रूस मिळवलेला मनुष्य १९४४ सालीही तो अभिमानाने लावीत असे. त्यामुळे केवळ सनावरून आत्याची कथा खोटी ठरत नव्हती. इटलीत मेलेला अधिकारी पन्नाशीचा असता, तर हा क्रूस त्याचा असू शकत होता.

पहिल्या महायुद्धात या पदकाचे दोन मुख्य वर्ग होते. दुसऱ्या वर्गाचा क्रूस फितीला लोंबे; फीत अंगरख्याच्या काजातून घालीत आणि पुष्कळदा पहिल्या दिवसानंतर क्रूस घरी ठेवून नुसती फीतच लावीत. पहिल्या वर्गाचा क्रूस बिनफितीचा, मागे टाचणी असलेला, छातीच्या डाव्या बाजूला लावायचा. दुसऱ्या वर्गाचे सुमारे पन्नास लाख आणि पहिल्या वर्गाचे सव्वादोन लाखांच्या आसपास क्रूस वाटले गेले. पन्नास लाख! जे दुर्मीळ म्हणून जन्मले, ते एका पिढीत जवळजवळ घरोघरी पोहोचले. १९३९ साली हिटलरने ते पुन्हा सुरू केले तेव्हा मध्यभागी राजाच्या आद्याक्षराच्या जागी स्वस्तिक आले, फितीत लाल रंग आला आणि गळ्यात घालण्याचा ‘नाइट्स क्रॉस’ हा नवा वर्ग निघाला. तो सात हजारांहून थोड्या अधिक लोकांना मिळाला. संग्राहकांच्या बाजारात आज सर्वाधिक मोल त्याला आहे, आणि अर्थातच सर्वाधिक नकलाही त्याच्याच आहेत.

आता परीक्षेविषयी. खरा लोहक्रूस एका तुकड्याचा नसतो. मध्ये लोखंडी पत्र्याचा गाभा असतो. तो ठशाखाली दाबून काढतात आणि काळ्या रंगाने रंगवतात. त्याच्या पुढून व मागून चांदीच्या दोन चौकटी बसवून त्या कडेने डाखाने जोडतात. चौकटीच्या आतल्या बाजूला बारीक दातेरी पट्टी असते. हलक्या प्रतीची नक्कल बहुधा साच्यात ओतलेली, एकसंध असते. तिच्यावर भिंगातून पाहिले तर हवेच्या बुडबुड्यांची टोचणीसारखी छिद्रे दिसतात, दाते बोथट असतात आणि कडेला जोड कोठेच सापडत नाही. ठशाखाली दाबलेल्या धातूची कोर धारदार असते, ओतलेल्याची मेणचट. नाणी पारखणाऱ्या आपल्याकडच्या सराफांना हा भेद सांगावा लागत नाही.

आम्ही डबा घेऊन ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने प्रथम लोहचुंबक जवळ नेले. गाभा चटकन चिकटला. यावर हर्ष मानण्याचे फारसे कारण नाही, कारण नकलाकारालाही लोखंड मिळते, आणि उलट काही अस्सल क्रूसांचा गाभाही पितळेचा किंवा जस्ताचा असतो. मग त्याने कसोटीच्या दगडावर चौकटीची कड हलकेच ओढली, थेंब टाकला आणि म्हणाला, चांदी आहे, पण तांब्याची भेसळ चांगलीच. तेही बरोबर जुळले. या चौकटींची चांदी पुष्कळदा हजारात आठशे भाग इतकीच शुद्ध असे. भिंगातून कडेची जोडरेषा केसासारखी दिसली. काळा रंग जेथे उडाला होता तेथे गंज होता, आणि गंज रंगाच्या खालून वर आलेला होता, वरून फासलेला नव्हता. भुजेच्या एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंतचे माप ४२ मिलिमीटर भरले. कडीवर काही खूण होती, परंतु ती झिजून वाचण्यापलीकडे गेली होती. सोनाराने क्रूस तळहातावर तोलून परत दिला. “माल जुना आहे,” तो म्हणाला. “कोणाचा ते मला विचारू नका.”

दुसऱ्या महायुद्धातील पदकांच्या बाबतीत कडीवरच्या या खुणा फार बोलतात. सरकारी पुरवठा करणाऱ्या प्रत्येक कारखान्याला ठरावीक क्रमांक होता. १९४१ पासून खाजगी विक्रीसाठी ‘एल’ अक्षर जोडलेले वेगळे क्रमांक आले. खाजगी विक्री हे वाचून वाचक चमकतील. परंतु पदक मिळवलेला सैनिक मूळ क्रूस घरी जपून ठेवी आणि रोजच्या वापरासाठी दुकानातून दुसरा विकत घेई. हे रीतसर होते. म्हणजे एखाद्या वीराच्या छातीवर प्रत्यक्ष झळकलेला क्रूस सरकारने दिलेला नसेलही, आणि उलट १९४५ साली कारखान्यांत शिल्लक राहिलेले, पेट्यांमधून बाहेर पडलेले हजारो क्रूस धातूने शंभर टक्के अस्सल असूनही कोणालाच कधी दिले गेले नव्हते. पराक्रमाशिवायचे अस्सल पदक! संग्राहक अशा न वापरलेल्या, चकचकीत नगाला अधिक किंमत देतात. आम्हांला ही गोष्ट मोठी चमत्कारिक वाटली.

धातूसुद्धा काळ सांगतो. युद्धाच्या आरंभीची पदके व बिल्ले तांब्याच्या मिश्रधातूचे, जड आणि नीटस आहेत. युद्ध लांबले, तांबे तोफगोळ्यांना लागू लागले, आणि बिल्ल्यांसाठी जस्त आले. जस्तावरचा सोनेरी-रुपेरी मुलामा काही वर्षांत आत मुरून नाहीसा होतो आणि वस्तू राखाडी होते. एखादा बिल्ला १९४४ चा म्हणून विकला जात असेल आणि त्याचा मुलामा नव्यासारखा लखलखत असेल, तर जाणता मनुष्य तो खाली ठेवतो.

नकलांचा खरा घोळ मात्र बनावटखोरांपेक्षा जुन्या ठशांनी घातला आहे. १९४५ नंतर दोस्त राष्ट्रांच्या अमलात ही पदके लावण्यास मनाई होती. पश्चिम जर्मनीने २६ जुलै १९५७ च्या कायद्याने ती लावण्यास पुन्हा परवानगी दिली, पण स्वस्तिक काढून. १९३९ च्या लोहक्रूसावर स्वस्तिकाच्या जागी ओकच्या झाडाची पाने आली. माजी सैनिकांना नवी पदके हवी होती. ती बनवणारे काही कारखाने तेच जुने होते आणि त्यांच्याकडे चौकटीचे ठसेही तेच जुने होते. गाभा तेवढा बदलला. मग परदेशी संग्राहकांची मागणी वाढली तसा कोणी त्याच चौकटीत पुन्हा स्वस्तिकाचा गाभा बसवू लागला. अशा नगाला खोटे म्हणायचे कसे? कारखाना तोच, ठसा तोच, कदाचित कारागीरही तोच. फक्त युद्ध संपून गेलेले.

या गुंत्यातून वाट काढणाऱ्या अभ्यासकांची रीत आम्हांला फार आवडली. ठसा पोलादाचा असला तरी हजारो आघातांनी त्याला बारीक तडे जातात आणि प्रत्येक तडा त्यातून निघणाऱ्या चौकटीवर उंचवट्याच्या रूपाने उमटतो. तडा वाढतो, बुजत नाही. तेव्हा एकाच ठशातून निघालेल्या चौकटी तड्यांच्या वाढीप्रमाणे ओळीने मांडल्या की त्यांचा जन्मक्रम मिळतो. नाइट्स क्रॉसच्या एका प्रसिद्ध ठशाबाबत अभ्यासकांनी असेच केले. ओकच्या पानांच्या, म्हणजे निःसंशय १९५७ नंतरच्या, काही नगांवर तडे कमी दिसले आणि स्वस्तिक असलेल्या काही नगांवर अधिक. याचा अर्थ उघड होता: ते स्वस्तिकाचे क्रूस युद्धातले नव्हतेच. वर्षानुवर्षे काचेच्या पेटीत मानाने मिरवलेली कित्येक पदके एका उंचवट्यामुळे खाली उतरली. त्या पदकांबरोबर त्यांच्या कथाही होत्या, हे सांगायला नकोच.

आपल्या देशाशी निगडित असे एक उदाहरण येथे नोंदवणे अगत्याचे आहे. सुभाषचंद्र बोस जर्मनीत असताना, १९४२ साली, ‘आझाद हिंद’ची पदके स्थापन झाली आणि ती व्हिएन्ना येथे घडवली गेली. युद्धानंतर त्यांच्याही प्रती निघाल्या. आज बाजारात येणाऱ्या अशा पदकांपैकी युद्धकाळातले कोणते आणि मागाहूनचे कोणते, हे ठरवण्यास वर सांगितलेलीच कसोटी लागते. भावनेच्या भरात मोठी रक्कम मोजणाऱ्या आपल्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

परंतु धातूची परीक्षा जेथे संपते तेथे दुसरी, अधिक कठीण परीक्षा सुरू होते. पदक खरे, त्याची कथा खरी काय? लोहक्रूसाच्या इतिहासात याचे सर्वांत मोठे उदाहरण खुद्द हिटलरचे आहे. पहिल्या महायुद्धात तो बव्हेरियाच्या एका पलटणीत निरोप्या होता. त्याला डिसेंबर १९१४ मध्ये दुसऱ्या वर्गाचा आणि ४ ऑगस्ट १९१८ रोजी पहिल्या वर्गाचा लोहक्रूस मिळाला. दुसरा क्रूस साध्या शिपायाला क्वचित मिळे, आणि तो त्याने अखेरपर्यंत अंगावर बाळगला. पुढे प्रचारयंत्रणेने त्याभोवती शत्रूचे सैनिक एकट्याने पकडल्याच्या कथा रचल्या. जी गोष्ट त्या कथांत कधीच येत नसे ती ही, की त्या क्रूसासाठी त्याची शिफारस करणारा अधिकारी, लेफ्टनंट ह्यूगो गुटमान, ज्यू होता. गुटमानला पुढे जर्मनी सोडून पळावे लागले. धातू अस्सल, मान अस्सल, आणि कथा अर्धी पुसून उरलेली अर्धी रंगवलेली.

पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मन सैन्यात होते. त्यांपैकी बारा हजार मारले गेले. हजारोंना लोहक्रूस मिळाला. एप्रिल १९३३ मध्ये नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला तेव्हा कोलोन शहरात एक ज्यू दुकानदार कोटावर आपला लोहक्रूस लावून दुकानाच्या दारात उभा राहिला. शेजारी गणवेशातला नाझी पहारेकरी. ते छायाचित्र आजही पाहायला मिळते. त्या महिन्यात ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा आला, पण राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या आग्रहामुळे आघाडीवर लढलेल्यांना त्यातून वगळले. ती सवलत १९३५ साली संपली. दरम्यान १९३४ साली महायुद्धात लढलेल्या सर्वांसाठी एक सन्मानक्रूस निघाला आणि त्याचे सुमारे ऐंशी लाख नग वाटले गेले. अर्ज केलेल्या ज्यू सैनिकांनाही तो मिळाला, छापील सन्मानपत्रासह, हिटलरच्या नावाने. ज्या राज्याने एका हाताने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले, त्यानेच दुसऱ्या हाताने त्यांना हे पत्र दिले.

२० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वानझे येथे युरोपातील ज्यूंच्या संहाराची व्यवस्था ठरवणारी बैठक झाली. तिच्या टिपणात एक कलम आहे: युद्धात गंभीर जखमी झालेल्या आणि पहिल्या वर्गाचा लोहक्रूस मिळवलेल्या ज्यूंना म्हाताऱ्यांबरोबर टेरेझिनच्या वस्तीत पाठवावे. पदकाची सत्यता सिद्ध करणे हा त्या क्षणी छंद राहिला नाही. कपाटातल्या कागदाच्या एका तुकड्यावर म्हातारा कोठल्या गाडीत बसणार हे ठरू लागले. आणि तो कागद अस्सल निघाला तरी सुटका नव्हतीच. टेरेझिनमध्ये पाठवलेल्या सुमारे एक लाख चाळीस हजारांपैकी तेहेतीस हजार तेथेच मेले आणि जवळजवळ नव्वद हजारांना पुढे पूर्वेकडे, बहुतेकांना मरणाकडे, पाठवण्यात आले. आज एखाद्या जर्मन लिलावात ‘ज्यू सैनिकाचे सन्मानपत्र, पदकासह’ अशी नोंद येते, तेव्हा ही वस्तू त्या घरातून बाहेर कशी पडली असेल, हे विचारल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

याच पदकाचा एक मानकरी आपल्या वाचकांना अपरिचित नसावा: म्युनिकचे येशूसंघीय धर्मगुरू फादर रूपर्ट मायर. डिसेंबर १९१५ मध्ये त्यांना पहिल्या वर्गाचा लोहक्रूस मिळाला. सैन्याबरोबर गेलेल्या कॅथलिक धर्मगुरूंमध्ये तो मान मिळवणारे ते पहिल्या काहींपैकी एक होते. गंमत अशी की १८७२ च्या कायद्याने येशूसंघाला जर्मनीत बंदी होती आणि ती १९१७ साली उठली. म्हणजे ज्या संघाला देशात थारा नव्हता, त्याच संघाच्या माणसाला देशाने छातीवर क्रूस लावला. (हेच जर्मन येशूसंघीय आपल्या मुंबई प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शाळा-महाविद्यालये उभी करीत होते, आणि १९१४ नंतर इंग्रज सरकारने त्यांना शत्रू ठरवून येथून घालवले. जर्मनीला ते नकोसे होते, इंग्रजांना ते जर्मन होते.) १९१६ च्या अखेरीस जखमी होऊन फादर मायर यांनी डावा पाय गमावला. पुढे व्यासपीठावरून नाझींविरुद्ध बोलल्याबद्दल १९३७ पासून त्यांना पुन्हापुन्हा अटक झाली, १९३९ साली ते साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत गेले, आणि तेथे ते मेले तर लोक त्यांना हुतात्मा मानतील या भीतीने १९४० मध्ये त्यांना एटालच्या मठात अडकवून ठेवण्यात आले. १ नोव्हेंबर १९४५ रोजी मिस्सात प्रवचन करीत असतानाच त्यांना मृत्यू आला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३ मे १९८७ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले. लोहक्रूसाने त्यांना वाचवले नाही, तसा तो असल्याने त्यांचे मोलही वाढले नाही. पण त्यांच्या क्रूसाविषयी कोणी शंका घेत नाही, कारण त्याच्यामागे माणूस उभा आहे.

सामान्य शिपायाच्या क्रूसामागे माणूस शोधणे जवळजवळ अशक्य. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर दिलेल्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असे. सातारा-रत्नागिरीकडच्या घरांत अशी पदके अजून सापडतात आणि पणतू कडेवरचे पणजोबांचे नाव वाचू शकतो. लोहक्रूसावर नाव नसे. नाव कागदावर असे: सन्मानपत्रात, शिपायाच्या पगारपुस्तिकेत, पलटणीच्या नोंदवहीत. आणि प्रशियाच्या सैन्याचे पॉट्सडॅम येथील दफ्तर १९४५ च्या एप्रिलमधील बॉम्बहल्ल्यात जळून गेले. बव्हेरियाचे दफ्तर म्युनिकला असल्यामुळे वाचले. म्हणून फादर मायर किंवा हिटलर यांच्या पलटणीतल्या माणसांचा माग आज लागतो. बर्लिनच्या किंवा पोमेरानियाच्या शेतकऱ्याचा बहुधा लागत नाही. कोरे पदक आणि जळालेले दफ्तर यांच्यामधल्या पोकळीतच कथा उगवतात, आणि त्या कथा विकणारेही. ‘पदक घ्या, कथा नको’ अशी संग्राहकांत एक म्हणच पडली आहे.

सोनाराकडून परत आल्यावर आम्ही क्रूस वाण्याच्या दुकानात नेला. नोटा तपासण्याचा जो जांभळा दिवा असतो, त्याखाली फीत धरली. काळा भाग काळाच राहिला; पांढरे पट्टे मात्र निळसर उजळले. कापड पांढरे दिसावे म्हणून जी रसायने वापरतात ती सर्रास वापरात आली दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि अशा कापडाचे धागे या दिव्याखाली चमकतात. म्हणजे फीत नंतरची. एवढ्यानेही कथा खोटी ठरत नव्हती, फीत कोणीही बदलू शकतो. मग आम्ही डबा पुरता रिकामा केला. तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली एक चिठोरी निघाली: हॅम्बुर्गमधल्या कोण्या जुन्या वस्तूंच्या दुकानाची पावती, रक्कम डॉइच मार्कमध्ये. डॉइच मार्क हे चलन १९४८ साली आले. धाकटे काका वीस वर्षे बोटीवर होते आणि हॅम्बुर्ग बंदराला त्यांच्या कित्येक खेपा झाल्या होत्या. त्यांनी तो घरी आणला, डब्यात टाकला आणि काही न बोलता पुन्हा बोटीवर गेले. पुढची कथा घराने रचली. कोणी खोटे बोलले नव्हते. थोरल्या काकांविषयी सांगण्यासारखे काहीतरी हातात असावे असे सगळ्यांनाच वाटत होते, इतकेच.

आणि त्याच वर्तमानपत्राखाली, मेणकागदात गुंडाळलेला, पिवळ्या धातूचा सहा टोकांचा एक तारा होता. त्याला लाल, पांढरी, हिरवी, पुन्हा पांढरी आणि लाल अशी फीत, शेजारी थोरल्या काकांचे लष्करातून मुक्त झाल्याचे पुस्तक. तो इटली स्टार. इटलीच्या लढाईत सेवा केलेल्यांना इंग्रज सरकारने दिलेला. त्याला डब्याच्या तळातून वर काढून कोणी कधी पाहिले नव्हते.

आत्याला सांगायचे कसे, यावर आम्ही दोन दिवस घालवले. अखेर सगळे सांगितले. तिने पावती चष्मा लावून वाचली, तारा पदराने पुसला आणि बराच वेळ काही बोलली नाही. आम्ही संग्राहकांच्या रीतीप्रमाणे एक चिठ्ठी लिहून क्रूसाबरोबर ठेवली: ‘लोहक्रूस, दुसरा वर्ग, १९१४. धातू अस्सल. फीत नंतरची. हॅम्बुर्ग येथे विकत घेतलेला. मानकरी अज्ञात.’

“अज्ञात असला तरी मेलेलाच ना आता तो?” आत्या म्हणाली. “मग नोव्हेंबरच्या यादीत घाल त्याला. तुझ्या काकांच्या नावाखाली लिही, एक जर्मन शिपाई.”